पूड वेगळी, पाणी वेगळे

काही औषधे कारखान्यात पूर्ण होत नाहीत. त्यांचा शेवटचा टप्पा मेडिकलच्या काउंटरवर, दवाखान्याच्या टेबलावर किंवा रुग्णाच्या उशाशी पार पडतो. कारखान्यातून निघतात ते औषधाचे दोन भाग, बहुतेकदा एक कोरडी पूड आणि एक द्रव. ठरलेला क्षण येईपर्यंत त्यांची गाठ पडू न देणे हे वेष्टनाचे काम. एरवी वेष्टन औषधाला हवेपासून, उजेडापासून, धक्क्यांपासून वाचवते; इथे एका घटकाला दुसऱ्या घटकापासून वाचवायचे असते. पानाच्या डब्यात चुना आणि कात वेगवेगळ्या खणांत राहतात आणि पानावरच एकत्र येतात, तशातलाच हा प्रकार.

याचा रोजच्या पाहण्यातला नमुना म्हणजे लहान मुलांचे ड्राय सिरप. भिवंडीत कामतघरसारख्या दाट वस्तीतल्या कुठल्याही मेडिकलच्या फळीवर अमॉक्सिसिलिनच्या किंवा अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक आम्ल यांच्या मिश्रणाच्या बाटल्या असतात. बाटली हातात घेतली तर ती रिकामीच वाटते. तळाशी थोडी पूड, वर मोकळी जागा आणि लेबलवर एक बाण किंवा आडवी रेघ. अनेक कंपन्या त्याच खोक्यात निर्जंतुक पाण्याची प्लॅस्टिकची छोटी कुपीही घालतात. तिचे टोक पिळून तोडले की पाणी बाटलीत ओतता येते. जिथे कुपी नसते तिथे उकळून पूर्ण गार केलेले पाणी वापरायचे असते.

पाणी आधीच का घालून ठेवत नाहीत, याचे उत्तर या औषधाच्या रेणूत आहे. अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्या कुळातले. या कुळातल्या प्रत्येक रेणूत चार अणूंचे एक कडे असते, त्याला बीटा-लॅक्टम म्हणतात. एवढ्या लहान कड्यात रासायनिक बंध ताणलेले राहतात. या ताणामुळेच जिवाणूची भिंत बांधणाऱ्या विकराला हा रेणू पक्का चिकटतो आणि भिंत अपुरी राहून जिवाणू मरतो. पण त्याच ताणामुळे पाण्याचा रेणूही ते कडे सहज उघडू शकतो, आणि कडे उघडले की औषधाचा गुण गेला. औषधाची ताकद आणि त्याचा नाजूकपणा असे एकाच जागी बसलेले आहेत. कोरडी पूड दीड-दोन वर्षे टिकते. पाणी घातल्यावर क्लॅव्युलॅनिक आम्लाचे मिश्रण फ्रिजमध्ये ठेवूनही साधारण सात दिवसच वापरायचे असते. त्यामुळे अशा बाटलीला दोन मुदती असतात. एक खोक्यावर छापलेली, आणि दुसरी पाणी घातल्याच्या दिवसापासून सुरू होणारी. दुसरी कुणीतरी पेनाने लिहिली तरच कळते, आणि घरोघरी नेमकी तीच लिहायची राहते.

पाणी घालण्याचीही रीत आहे. आधी बाटली हातावर आपटून तळाशी बसलेली पूड मोकळी करायची, मग निम्मे पाणी घालून जोरात हलवायचे आणि उरलेले पाणी रेघेपर्यंत भरायचे. सगळे पाणी एकदम ओतले तर पुडीच्या गुठळ्या तळाला धरतात. वरचे औषध पातळ, खालचे घट्ट. वर फेस आलेला असताना रेघ पाहिली तर पाणी कमी पडते आणि रेघेच्या वर गेले तर प्रत्येक चमच्यातली मात्रा कमी होते. कारखान्यात हेच माप यंत्र चोख घेते. वेष्टनाने दोन घटक वेगळे केले की मोजण्याची जबाबदारी दुकानदारावर किंवा बाळाच्या आईवर येते. या विषयातल्या जवळजवळ सगळ्या अडचणींचे मूळ या एका बदलात आहे.

पेनिसिलिन भारतात मोठ्या प्रमाणावर बनू लागले ते पुण्याजवळ पिंपरीत. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना तिथे १९५४ मध्ये स्थापन झाला; त्याला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. रबरी बुचाच्या कुपीत पांढरी पूड आणि शेजारी काचेच्या अँप्युलमध्ये ‘डिस्टिल्ड वॉटर’ ही जोडी त्या काळापासून दवाखान्यांच्या सवयीची झाली. आज सेफ्ट्रियाक्सोनसारखी इंजेक्शने त्याच रूपात येतात.

अमॉक्सिसिलिनसारखी पूड वाळवणे तुलनेने सोपे आहे. जिवंत विषाणू किंवा रक्तातली प्रथिने वाळवायची तर उष्णता चालत नाही. त्यासाठी फ्रीज-ड्रायिंग वापरतात. द्रावण कुप्यांत भरून उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास गोठवतात आणि मग बंद कक्षातली हवा काढून घेतात. अशा निर्वातात बर्फ वितळत नाही, त्याची सरळ वाफ होते. पाणी निघून जाते आणि मागे स्पंजासारखी सच्छिद्र वडी उरते. या कुप्यांची रबरी बुचे मुद्दाम वेगळ्या घडणीची असतात. त्यांच्या खालच्या बाजूला खाच असते, म्हणून अर्धवट बसवलेल्या बुचाखालून वाफ बाहेर पडू शकते. वाळवणे संपले की कक्षातल्या फळ्याच एकमेकींजवळ सरकतात आणि सगळी बुचे एकदम खाली दाबली जातात. बाहेरच्या हवेचा स्पर्श न होता कुपी बंद होते. विषाणूंना आधार म्हणून द्रावणात साखरेसारखे पदार्थ किंवा जिलेटिन घातलेले असते. पाणी गेल्यावर तेच विषाणूला धरून ठेवतात.

या तंत्राचा पहिला मोठा उपयोग दुसऱ्या महायुद्धात झाला. अमेरिकी सैन्य आघाडीवर वाळवलेला रक्तद्रव पाठवत असे. एका बाटलीत सुका रक्तद्रव, दुसरीत निर्जंतुक पाणी, दोन्ही पत्र्याच्या डब्यांत बंद. १९५० च्या दशकात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये लेस्ली कोलियर यांनी देवीची लस याच पद्धतीने टिकाऊ केली. त्याआधीची द्रवरूप लस उन्हाळ्यात गावापर्यंत पोचेतो निकामी होई. भारतातल्या देवी निर्मूलनाच्या मोहिमेत सुकी लस बनवणाऱ्या मोजक्या संस्थांत बेळगावची लस संस्था होती. १९७५ मध्ये देशातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला. त्या यशाचे श्रेय दुशाखी सुईला बरेचदा दिले जाते, आणि ते योग्यच आहे; पण सुईच्या टोकावर यायचा थेंब उन्हातून जिवंत पोचवला तो सुक्या कुपीने.

भिवंडीच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाची अशी कुपी आहे गोवर-रुबेला लशीची, म्हणजे एमआर लशीची. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला. त्याआधी, २७ नोव्हेंबर २०१८ पासून, नऊ महिने ते पंधरा वर्षे वयोगटासाठी राज्यभर एमआर मोहीम झाली होती. पण त्यानंतर जन्मलेल्या मुलांपैकी अनेकांचे डोस कोविडच्या काळात हुकले. यंत्रमागांच्या आणि गोदामांच्या या शहरात कामासाठी ये-जा करणारी कुटुंबे पुष्कळ. लसीकरण सत्राच्या दिवशी मूल गावी असणे ही इथली नेहमीची गोष्ट. नियमित वेळापत्रकात नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिला आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा डोस असतो. लस देशात प्रामुख्याने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. १९६६ मध्ये सायरस पूनावाला यांनी स्थापन केलेली ही संस्था आज जगातली मात्रांच्या संख्येने सर्वांत मोठी लस उत्पादक आहे.

एमआरच्या कुपीत तळाशी पिवळसर पांढरी वडी असते. सोबत येतो डायल्युएंट, म्हणजे ती विरघळवायचा द्रव. आरोग्यसेविकांच्या बोलण्यात हाच शब्द असतो. कोरड्या स्थितीत ही लस चांगलीच चिवट आहे. ३७ अंश तापमानात आठवडाभर राहिली तरी ती पुरेशी प्रभावी उरली पाहिजे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची अटच आहे. द्रव मिसळला की चित्र पालटते. २० ते २५ अंशांवर तासाभरात तिची निम्मी शक्ती जाते आणि ३७ अंशांवर तासाभरात जवळजवळ सगळीच. शिवाय या लशीत जंतुरोधक घालता येत नाही, कारण तो लशीतल्या विषाणूलाच मारेल. त्यामुळे मिसळलेल्या कुपीत एखादा जिवाणू शिरला तर त्याला वाढायला मोकळे रान मिळते. म्हणून नियम कडक आहेत. मूल समोर आल्याशिवाय कुपी उघडायची नाही. डायल्युएंट आदल्या दिवसापासून २ ते ८ अंशांत थंड केलेला हवा, कारण गरम द्रव पडताच विषाणू मरू लागतो. प्रत्येक कुपीसाठी मिसळण्याची सिरिंज नवी, मिसळल्याची वेळ लेबलवर लिहिलेली, आणि चार तासांनी किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, उरलेली लस फेकायची. पाच डोसांची कुपी एका मुलासाठीही उघडावी लागते आणि चार डोस वाया जातात. हा तोटा कार्यक्रमाने जाणूनबुजून पत्करला आहे. मूल परत पाठवले तर ते पुन्हा येईलच याची खात्री नसते.

या कुपीवरच्या एका छोट्या खुणेत बराच विचार दडला आहे. लशीच्या कुपीवर व्हीव्हीएम नावाचा उष्णतादर्शक असतो. गोलात चौकोन, चौकोनाचा रंग गोलाइतका गडद झाला की लस बाद. पोलिओसारख्या द्रव लशीवर तो लेबलवर छापलेला असतो, कारण उघडलेली कुपी नियमात बसत असेल तर पुढच्या सत्रात वापरता येते आणि तेव्हाही तो पाहावा लागतो. सुक्या लशीवर मात्र तो टोपीवर किंवा मानेवर असतो. टोपी काढली की दर्शकही गेला. मिसळलेली लस पुढच्या सत्राला न्यायचीच नाही, मग तिच्यावर भरवशाची खूण तरी कशाला, असा तो हिशेब. सूचनापत्रापेक्षा अशी रचना अधिक कामाची, कारण सूचनापत्र वाचले जाईलच असे नाही. टोपी मात्र काढावीच लागते.

डायल्युएंट म्हणजे नुसते पाणी, हा समज व्यापक आणि धोक्याचा आहे. एमआरसाठी निर्जंतुक पाणी लागते, तर बीसीजीसाठी मिठाचे द्रावण. पुण्याच्या रोटासिल या तोंडावाटे द्यायच्या सुक्या रोटाव्हायरस लशीबरोबर आम्लविरोधी द्रावण असते, नाहीतर जठरातले आम्ल विषाणूला आतड्यापर्यंत पोचू देणार नाही. आफ्रिकेतल्या मेंदूज्वरासाठी सीरमने बनवलेली मेनआफ्रिव्हॅक लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत प्रथम मोठ्या प्रमाणावर दिली गेली. तिच्या डायल्युएंटमध्येच अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असे, जो शरीराचा प्रतिसाद वाढवतो. हा क्षार गोठला की बिघडतो, आणि लशीचा मुख्य घटक तर गोठवूनच वाळवायचा होता. एक गोठवायचाच आणि दुसरा कधीच गोठू द्यायचा नाही, अशा दोघांना एका कुपीत ठेवणे शक्य नव्हते. गंभीर मलेरियावरच्या आर्टेसुनेट इंजेक्शनला तर तीन भाग लागतात. पूड नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आधी सोडियम बायकार्बोनेट, मग शिरेतून देण्याइतके पातळ करायला सलाइन. आणि तयार इंजेक्शन तासाभरात द्यायचे.

दोन भाग वेगळे केले की ते हरवू शकतात, आणि एकाच्या जागी दुसरेच काही येऊ शकते. सप्टेंबर २०१४ मध्ये सीरियाच्या इदलिब भागात गोवराच्या मोहिमेत सुमारे १५ मुले दगावली. डायल्युएंटऐवजी अट्राक्युरियम हे शस्त्रक्रियेतले स्नायू शिथिल करणारे औषध मिसळले गेले होते. तेही फ्रिजमध्येच ठेवावे लागते. लशींच्या फ्रिजमध्ये दुसरे कोणतेही औषध ठेवायचे नाही, हा नियम अशा चुकांसाठीच आहे. मे २०१७ मध्ये दक्षिण सुदानमध्ये १५ मुले गेली. तिथे चार दिवस एकाच सिरिंजने लस मिसळली जात होती आणि थंड साखळीही पाळली गेली नव्हती. सामोआ या बेटांच्या देशात जुलै २०१८ मध्ये दोन अर्भकांना चुकीचा द्रव मिसळलेली लस दिली गेली आणि ती दगावली. तिथली हानी दोन मृत्यूंवर थांबली नाही. सरकारने ती लस काही महिने बंद ठेवली, पालकांचा विश्वास उडाला, आणि २०१९ च्या गोवराच्या साथीत साधारण दोन लाख वस्तीच्या त्या देशात ८३ जण मेले, बहुतेक पाच वर्षांखालची मुले. तिन्ही ठिकाणी लस निर्दोष होती.

लशीइतकाच ठाणे जिल्ह्याला जवळचा विषय सर्पदंशाचा. भिवंडी, शहापूर, मुरबाड तालुक्यांत भातलावणीच्या दिवसांत सर्पदंशाचे रुग्ण येतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून काढतात. १८९९ मध्ये परळला प्लेगसाठी सुरू झालेल्या प्रयोगशाळेतून वाढलेली हाफकिन ही त्यातली जुनी संस्था. अंबरनाथ आणि नारायणगाव येथेही खासगी कंपन्या ते बनवतात. द्रवरूप प्रतिविषाला सतत फ्रिज लागतो. सुके प्रतिविष साध्या तापमानात चार-पाच वर्षे टिकते, म्हणून ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विजेचा भरवसा नाही तिथे तेच उपयोगी. मात्र प्रत्येक कुपीत १० मिलिलिटर पाणी घालून ती हळूहळू फिरवत विरघळवावी लागते. घाईने हलवली तर प्रथिनांचा फेस होतो आणि औषध वाया जाते. सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात, आणि रुग्णाचे नातेवाईक डोक्यावर उभे असतात. टिकाऊपणाची किंमत इथे मिनिटांत मोजावी लागते.

मग दोन्ही घटक एकाच वेष्टनात, पण मध्ये पडदा घालून का ठेवू नयेत? हा विचारही जुना आहे. अमेरिकेच्या अपजॉन कंपनीने १९५० च्या दशकात हायड्रोकॉर्टिसोनसाठी दुमजली कुपी काढली. वर पाणी, खाली पूड, मध्ये रबरी बूच. वरची टोपी अंगठ्याने दाबली की मधले बूच निसटून खाली पडते आणि पाणी पुडीत उतरते. दोन कप्प्यांच्या सिरिंजची युक्ती त्याहून देखणी आहे. काचेच्या नळीत पुढे पूड, मागे द्रव, दोहोंमध्ये रबराचा गट्टू. आणि नळीच्या भिंतीला एके ठिकाणी छोटा फुगवटा. दट्ट्या ढकलला की गट्टू पुढे सरकतो. तो फुगवट्यापाशी आला की द्रव त्याच्या कडेने वाट काढून पुडीत शिरतो. चुकीचा द्रव मिसळण्याची शक्यताच उरत नाही, मापही चुकत नाही. अडचण पैशाची आहे. नळीच्या एका टोकाला पूड वाळवायची आणि त्याच नळीत दुसरीकडे द्रव भरायचा, यासाठी खास यंत्रे लागतात, आणि एकेका मात्रेची अशी सिरिंज फ्रिजमध्ये पाच डोसांच्या कुपीपेक्षा कितीतरी जास्त जागा खाते. महागड्या हार्मोनच्या इंजेक्शनला हे परवडते. सार्वत्रिक लसीकरणाला अजून परवडलेले नाही. मधला मार्ग म्हणून मॉस्क्विरिक्स या मलेरियाच्या लशीच्या दोन कुप्या प्लॅस्टिकच्या चिमट्याने एकमेकींना जोडून पाठवतात. दिसायला साधा, पण दोन भागांची ताटातूट थांबवणारा उपाय.

अतिदक्षता विभागात शिरेतून पोषण देण्याच्या पिशव्या तीन कप्प्यांच्या असतात. ग्लुकोज, अमिनो आम्ले आणि स्निग्ध पदार्थ. ग्लुकोज आणि अमिनो आम्ले एकत्र तापवली की तपकिरी पडतात, आणि निर्जंतुक करायला पिशवी तापवावीच लागते. कप्प्यांमधले जोड मुद्दाम कच्चे ठेवलेले असतात. परिचारिका पिशवी वरून गुंडाळत दाबते तेव्हा ते उघडतात आणि बाहेरचे जोड मात्र टिकतात.

डायलिसिस केंद्रातले पांढरे कॅन हाही त्याच कुळातला प्रकार. ‘पार्ट ए’मध्ये आम्ल आणि कॅल्शियमचे क्षार, ‘पार्ट बी’मध्ये सोडियम बायकार्बोनेट. दोन्ही संहत स्थितीत एकत्र केले तर कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूचा, साका बसेल. म्हणून यंत्र त्यांना शुद्ध पाण्यात पातळ करतच एकत्र आणते, आणि ते मिश्रण लगेच गाळणीतून रुग्णाच्या रक्ताच्या पलीकडच्या बाजूने वाहू लागते. इथे मिसळण्याचे माप माणसाच्या हातात नाही. द्रवाची विद्युतवाहकता मोजून यंत्रच ते सांभाळते. नळ्यांत साचणारा खडू काढायला केंद्रांत सायट्रिक आम्लाने धुलाई होते.

डायल्युएंटच नको अशी एमआर लस आता चाचण्यांच्या टप्प्यावर आहे. सीरम इन्स्टिट्यूटची गोवर-रुबेला लस वापरून मायक्रॉन बायोमेडिकल या अमेरिकी कंपनीने एक पट्टी बनवली. तिच्यावर सूक्ष्म सुया असतात आणि सुक्या लशीचा साठा त्या सुयांतच असतो. पट्टी मनगटावर पाच मिनिटे दाबून ठेवली की सुया त्वचेतल्या ओलाव्यात विरघळतात. गांबियामध्ये प्रौढ, दीड वर्षाची मुले आणि अर्भके यांच्यावर झालेल्या तिच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. ती सुरक्षित आढळली आणि तिने दिलेला प्रतिसाद इंजेक्शनसारखाच होता. मोठ्या चाचण्या आणि उत्पादन अजून बाकी आहे. तोवर वस्तीवरच्या लसीकरण सत्राला निघणाऱ्या व्हॅक्सिन कॅरियरमध्ये एमआरच्या कुप्यांशेजारी तेवढेच डायल्युएंट मोजून ठेवावे लागतात.